राणीसरकार, अंडं आणि चौथं लिंबू

चामराजपेठेत त्या काळी कुणालाही विचारलं असतं, की फत्तेसिंगराव काय करतात, तर उत्तर आलं असतं, "ते होय, अप्पासाहेबांचे ड्रायव्हर!" हे त्यांच्या तोंडावर म्हणायची मात्र कुणाची टाप नव्हती. ड्रायव्हर बसगाडीला असतो, लॉरीला असतो. फत्तेसिंगराव राणीसरकारच्या पदरी होते. त्यांचे वाडवडील शहाजीराजांच्या घोडदळाबरोबर बंगळुरात आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दारात कन्नड, अशा कितीतरी पिढ्या झाल्या. घोडे गेले, तलवार माळ्यावर गेली, पण घराण्याची मांड काही सुटली नाही. फत्तेसिंगराव मोटारीच्या सीटवरसुद्धा घोड्यावर बसल्यासारखेच बसत. पाठ ताठ, हनुवटी वर, डोक्याला गुलाबी फेटा.

राणीसरकार म्हणजे मोटार. अप्पासाहेबांच्या वडिलांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून ती घेतली होती. रंग गडद लाल, कडांना पितळ, खिडक्यांना रेशमी पडदे, आणि बॉनेट एवढं लांब की वळणावर मोटारीचं तोंड एका रस्त्यात आणि शेपूट दुसऱ्या रस्त्यात. पुढची बैठक आणि मागची बैठक यांच्यामध्ये जाड काच होती. पुढं फत्तेसिंगराव, मागं अप्पासाहेब. बोलायची पद्धतच नव्हती. अप्पासाहेबांनी काठीनं काचेवर एकदा ठोकलं की थांबायचं, दोनदा ठोकलं की सावकाश घ्यायचं. आणि अप्पासाहेब बहुतेक दोनदाच ठोकत. "खानदानी माणूस!" फत्तेसिंगराव लोकांना सांगत. "त्यांना घाई म्हणून कशाची नाही."

रोज सकाळी राणीसरकारची आंघोळ आटोपली की फत्तेसिंगराव मागच्या सीटवर चांदीच्या वाटीत एक लिंबू ठेवत. कुठलंही लिंबू चालायचं नाही. सिटी मार्केटात जाऊन ते स्वतः निवडत. डाग नको, देठ हवा, साल पातळ हवी. लिंबूवाली त्यांना लांबून बघूनच हात जोडायची. फार पूर्वी, मोटार घरात नवी असताना अप्पासाहेब एवढंच म्हणाले होते, "फत्तेसिंग, रोज एक लिंबू ठेवत जा." कशाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? एवढी देखणी मोटार, तिच्यावर सगळ्या शहराचे डोळे, तिला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू. शेंबड्या पोरालाही कळेल.

राणीसरकार रस्त्यानं निघाली की लोक कामं सोडून बघत राहत. मागं अप्पासाहेब बसलेले असत. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, हातातलं लिंबू नाकाशी. ना इकडं बघणं ना तिकडं. "काय ते गांभीर्य!" लोक म्हणत. हे कानावर आलं की फत्तेसिंगरावांची छाती फुगे, आणि मग ते मुद्दाम लांबचा रस्ता घेत. अप्पासाहेबांची सागवानाची वखार यशवंतपूर स्टेशनाजवळ. सरळ जायचं तर केवढं अंतर ते! पण यांनी आधी सगळ्या चामराजपेठेला एक फेरा घालायचा, मग अख्खं मल्लेश्वरम, वळणावळणानं, झुलत झुलत. बघू दे लोकांना मालक कसा असतो ते!

असं सगळं छान चाललेलं असताना, साठ-एकसष्ट सालच्या सुमारास, एक दिवस अप्पासाहेबांनी ते अंडं आणलं.

त्याला दुसरं नाव शोभतच नाही हो. कॅन्टोन्मेंटातला कुणी परदेशी इंजिनीअर आपल्या देशी परत चालला होता, त्याच्याकडून घेतलं. फिकट पिवळी, गोलमटोल मोटार. चाकं तीन, पुढं दोन आणि मागं एक. इंजिन फटफटीचं. बाजूला दारं नाहीतच. दार एकच, तेही थोबाडात! मोटारीचं अख्खं तोंडच उघडायचं, आणि स्टिअरिंग त्या दारालाच जोडलेलं, म्हणजे दाराबरोबर तेही बाहेर यायचं. छत कापडाचं, गुंडाळून मागं सारता येईल असं. आत एकच बाक, दोन माणसांचा, आणि तोही दोघं उपाशी असतील तर.

फत्तेसिंगरावांनी अंड्याभोवती सावकाश फेरी मारली. मग विचारलं, "अप्पासाहेब, बाकीची कधी येणार?"

"एवढीच आहे ती," अप्पासाहेब म्हणाले.

"आणि मागची सीट?"

"मागची सीट नाही."

"मग तुम्ही कुठं बसणार जी?"

"तुझ्या शेजारी."

फत्तेसिंगराव मटकन राणीसरकारच्या पायरीवर बसले. मालकाच्या शेजारी! मांडीला मांडी लावून! त्यांच्या घराण्यात कुणी मालकाच्या समोर पानसुद्धा खाल्लं नव्हतं. उद्या वर जाऊन वाडवडिलांना काय तोंड दाखवायचं?

पण हुकूम तो हुकूम. दुसऱ्या दिवसापासून अंडं चालू लागलं. फत्तेसिंगराव अर्धे बाकावर आणि अर्धे भिंतीला चिकटून बसत, मालकाला धक्का लागू नये म्हणून. फेटा आत मावेना आणि फेटा काढणं शक्य नव्हतं, तेव्हा छत मागं सारलं. मग फेटा तुऱ्यासकट बाहेर. गिअर टाकताना कोपर अप्पासाहेबांच्या बरगडीत जाई, आणि दर गिअरला फत्तेसिंगराव म्हणत, "माफी असावी." चिकपेठेच्या गर्दीत तर दोन माफ्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही सवड मिळेना.

आता खरं सांगायचं तर चिकपेठेत राणीसरकारचा काही उपयोगच नव्हता. ती बाहेर मोठ्या रस्त्यावर उभी राहायची आणि अप्पासाहेब भर उन्हात गल्ल्यांतून पायी जायचे. अंडं मात्र थेट दुकानापाशी जाऊन उभं राहिलं. कापडवाला बाहेर आला, आणि नमस्कार करायचा सोडून त्यानं हसत हसत अंड्याच्या टपावर थोपटलं! राणीसरकारला हात लावायची हिंमत झाली असती का त्याची? घरी येऊन फत्तेसिंगरावांनी चहाचा कप असा आपटला, की बशीचा टवका उडाला.

"राणीसरकार सुरू झाली की माणसं उभी राहतात," ते बायकोला म्हणाले. "हे सुरू झालं की माणसं विचारतात, पीठ दळून झालं का!"

कृष्णाबाई निवांत तांदूळ निवडत होत्या. "का हो, त्या राणीत मला एकदा तरी बसवलंत? अंडं बरं. त्यात बायकोसुद्धा शेजारी बसू शकेल."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"सरी, बरं, नाही कळत," कृष्णाबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

इथवर नुसती चिडचिड होती. खरी भीती वाटली ती बसवंत आला तेव्हा. हा बसवंत तुमकूर रोडला राहायचा आणि लग्नाला मोटारी भाड्यानं द्यायचा. त्यानं राणीसरकारच्या भोवती फिरून टायरांवर लाथा मारून बघितल्या, आत डोकावला आणि अप्पासाहेबांना म्हणाला, "नवरदेव मागं बसवला तर काय शोभेल! दसऱ्याला न्यायला येतो." अप्पासाहेबांनी मान डोलावली. फत्तेसिंगराव फडकं हातात घेऊन शेजारीच उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मोटार जाणार हे तर झालंच. पण त्याहून वाईट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रोज संध्याकाळी चहा झाला की अप्पासाहेब एकटेच गॅरेजात येत, अंड्याचं तोंड उघडून आत बसत, दार लावून घेत आणि समोर बघत राहत. मध्येच स्टिअरिंगलाही हात लावत. फत्तेसिंगरावांनी हे दाराआडून पाहिलं. शिकतायत! स्वतः चालवायला शिकतायत! बरोबरच आहे. एवढंसं अंडं, त्याला ड्रायव्हर कशाला? राणीसरकार बसवंतला आणि फत्तेसिंग घरी.

त्यांना जेवण जाईना. आयुष्यभर एक मोटार चालवली, एक माणूस मागं बसवला. ती मोटार नाही आणि तो माणूस नाही, तर मग चामराजपेठेत हा फेटा घालून हिंडणारा म्हातारा कोण? कृष्णाबाई म्हणाल्या, "अहो, सरळ विचारा की अप्पासाहेबांना, मला ठेवणार की काढणार म्हणून."

"ड्रायव्हरनं आपणहून बोलायचं नसतं."

"मग बसा झुरत!" कृष्णाबाई कडाडल्या, आणि पदरानं डोळे पुसून आत गेल्या.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी बंगळुरात आयुधपूजा. ज्याचं जे हत्यार, ते धुऊन पुसून पूजेला बसवायचं. आणि एकदा बसलं की दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वखारीत तर हे फार कडक. करवतीखाली हात घालून पोट भरणारी माणसं ती! बसलेलं हत्यार उठवलं तर वर्षाच्या आत कुणाचं तरी बोट जातं, असं मुकादम मल्लाप्पा मानायचा आणि सगळ्यांना मानायला लावायचा.

त्याखेरीज अप्पासाहेबांच्या वडिलांनी घालून दिलेला एक रिवाज होता. मोटारीची पूजा वखारीत व्हायची आणि ती रिकाम्या मोटारीची नाही. मालक आपल्या जागी, ड्रायव्हर आपल्या जागी, आणि ते तसे बसलेले असतानाच मोटार सजवायची, तिच्यासकट त्यांनाही ओवाळायचं. मग चाकांखालची लिंबं चिरडत मोटार पुढं न्यायची, कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे. मोटार मात्र हत्यारांसारखी बसायची नाही, पूजा झाली की तिनं चालायचं. राणीसरकारला हे काय शोभायचं! फत्तेसिंगराव त्या दिवसाची वर्षभर वाट बघत. आणि यंदा अप्पासाहेब म्हणाले, "राणीसरकारला घरीच हळदकुंकू वाहा. वखारीला अंडं घे."

तर दोघं अंड्यात बसून वखारीत आले, उतरले, देवाला नमस्कार केला आणि रिवाजाप्रमाणे पुन्हा आत बसले. दार लागलं. मल्लाप्पा केळीचे दोन मोठे खुंट घेऊन आला आणि थबकला. राणीसरकारला ते पुढच्या दिव्यांच्या दांड्यांना बांधायचे. अंड्याला दांडीही नाही, पायरीही नाही, कशाला म्हणून बांधावं? पण मल्लाप्पानं जन्मभर ओंडके बांधले होते. त्यानं काथ्याचा दोर घेतला, दोन्ही खुंट दाराच्या दोन अंगांना उभे केले आणि सगळ्या अंड्याभोवती पोटातून वेढे घातले. मग काठी घालून पीळ दिला आणि वर ओंडक्याची गाठ मारली. ही गाठ सोडायची नसते, तोडायचीच असते. वर झेंडूच्या माळा, केळीची पानं. काचा पार झाकून गेल्या. फत्तेसिंगरावांचा फेटा तेवढा छतातून बाहेर होता, तर कुणीतरी त्यालाही हार घातला.

विश्वेश्वरभटांनी चार लिंबं आणली होती. तीन चाकांखाली तीन ठेवली. चौथं हातात घेऊन ते अंड्याभोवती चाक शोधत फिरले. मग "राहू दे, हे मालकांपाशी," असं म्हणून त्यांनी ते छतातून अप्पासाहेबांच्या हातात सोडलं. आरती झाली. अंडं फटफटत लिंबांवरून पुढं गेलं आणि थांबलं. कोहळा फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"चल, उतरू," अप्पासाहेब म्हणाले.

फत्तेसिंगरावांनी दाराची कडी फिरवली आणि ढकललं. दार हललं नाही. खांदा लावला. अंडं हललं, दार नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. आता बोला! दार बाहेरून ओंडक्यासारखं आवळलेलं, आणि मालक आत!

"मल्लाप्पा!" छतातून फत्तेसिंगरावांचा आवाज आला. "दोर तोड! कोयता आण!"

मल्लाप्पा वळला आणि तिथंच उभा राहिला. लाल कापडावर कोयते, कुऱ्हाडी, करवती, रंधे ओळीनं बसले होते. प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकावर फूल. त्याची बायको अंबूबाई वखारीतल्या माणसांचा स्वयंपाक करायची, तिची विळीसुद्धा तिथंच बसलेली.

"हत्यारं बसलीत अण्णा," मल्लाप्पा रडवेल्या आवाजात म्हणाला.

"मग घरून कात्री आणा कुणाच्या तरी!"

"घरची पण बसलीय अण्णा. सगळ्यांचीच बसलीय."

खरंच होतं ते. त्या घटकेला अख्ख्या बंगळुरात उभं असलेलं एकही पातं नव्हतं. न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कात्री, खाटकाचा सुरा, सगळे देवापुढं. कुणी म्हणालं कापूर लावून दोर जाळू. "पेट्रोल आहे रे आत!" फत्तेसिंगराव एवढ्यानं ओरडले की कापूरवाला दहा पावलं मागं गेला. शेवटी विश्वेश्वरभट म्हणाले, मालकांचा हुकूम असेल तर प्रायश्चित्त सांगतो, उचला कोयता. आणि सगळे अंड्याकडं बघू लागले.

आतून अप्पासाहेबांचा आवाज आला. "नको. माझी माणसं उद्यापासून करवतीवर उभी राहतात. त्यांच्या मनात शंका नको. मी बसतो इथं."

"छतातून या!" बाहेरून कुणीतरी सुचवलं. अप्पासाहेबांच्या पोटाला ते छत पुरणारं नव्हतं. फत्तेसिंगराव निघाले असते, पण वर चढायचं तर पाय ठेवणार कुठं? जागा एकच होती.

"ठेव माझ्या खांद्यावर पाय," अप्पासाहेब म्हणाले.

"जीव गेला तरी नाही ठेवणार," फत्तेसिंगराव म्हणाले.

मग बाहेर दोर कसा सोडवायचा यावर कन्नडमधून आणि मराठीतून जोरजोरात भांडण जुंपलं, आणि आत दोघं शांत बसले. मांडीला मांडी, खांद्याला खांदा. केळीच्या पानांमुळं आत हिरवट उजेड होता. अप्पासाहेबांनी हातातल्या लिंबाकडं पाहिलं आणि त्यांना हसूच आलं.

"फत्तेसिंग, याचं आता काय करू रे? आता मला हे लागत नाही."

"असू द्या जी. दृष्टीसाठी असलेलं बरं."

"दृष्टीसाठी?"

"रोज राणीसरकारमध्ये ठेवतो की. दृष्ट लागू नये म्हणून."

अप्पासाहेब मान वळवून बघतच राहिले. "ते तू दृष्टीसाठी ठेवत होतास?"

"मग कशासाठी जी?"

"अरे बाबा, मला गाडी लागते!"

फत्तेसिंगरावांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "कुठली गाडी?"

"राणीसरकार! मागं बसलं की पोटात ढवळायला लागतं. पहिल्या दिवसापासून. डोळे मिटायचे, दात आवळायचे आणि लिंबू हुंगत बसायचं. सावकाश घे म्हणून काच ठोकून ठोकून हात दुखायचा. आणि तू ते सगळं मल्लेश्वरम फिरवायचास ना, तेव्हा तर मला आई आठवायची."

फत्तेसिंगरावांना सगळं आठवलं. मिटलेले डोळे, घट्ट ओठ, दोनदा ठोकणं, ते गांभीर्य! सगळं शहर ज्याला नमस्कार करत होतं ती ओकारी होती. आणि आपण? आपण देठाची लिंबं शोधत होतो, आणि लांबच्या रस्त्यानं नेत होतो या माणसाला, रोज, हौसेनं! लाजेनं त्यांचे कान तापले.

"बोलला का नाहीत अप्पासाहेब?"

"काय बोलू? बाबांची मोटार. आणि तू तिच्यावर जीव टाकत होतास. तुला सांगू, की मला तुझ्या राणीसरकारात मळमळतं?"

"पुढं बसायचं होतं माझ्याजवळ!"

"बसू दिलं असतंस?"

फत्तेसिंगरावांनी नकारार्थी मान हलवली. मालक पुढं येऊन बसला असता तर ते स्वतः किल्ली ठेवून घरी गेले असते.

"म्हणून हे घेतलं," अप्पासाहेब म्हणाले. "यात मागं नाहीच. पुढं बसायला कुणाला काही सांगावं लागत नाही. समोर रस्ता दिसतो, माणसं दिसतात. संध्याकाळी नुसता जाऊन बसतो ना, तरी बरं वाटतं मला."

आणि मग फत्तेसिंगरावांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. आपणहून बोलले. "मला वाटलं तुम्ही शिकताय. मला वाटलं आता मला काढणार."

"मी शिकतोय? मला मेल्याला चालवता येत असतं, तर तुझी ही कोपरं कशाला खाल्ली असती रे बरगडीत?" अप्पासाहेब म्हणाले. "तुला काढून मी बोलू कुणाशी? घरात आहे कोण?"

फत्तेसिंगरावांना हुंदका आवरेना. बाहेरच्यांना पानांमुळं आतलं काही दिसत नव्हतं, छतातून वर आलेला फेटा मात्र हारासकट गदागदा हलताना दिसला. "अण्णा फार तापलेत," मल्लाप्पा घाबरून म्हणाला.

एवढ्यात अंबूबाई चुरमुऱ्यांचं टोपलं घेऊन मागच्या चुलीवरून आली. ती निपाणीकडची, तोंडानं फटकळ. काय झालं ते ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढे बाप्ये आणि एवढा घोळ! अडकलेली बांगडी कशी काढतात रे? तोडून काढतात होय?" तिनं दिव्याच्या तेलाची बुधली उचलली, अंड्याच्या पोटापासून टपापर्यंत सगळीकडं तेल चोळलं, आणि हमालांना म्हणाली, "हं, आता दोर सगळीकडून मिळून वर सरकवा. स्वल्प स्वल्प. ओढू नका, सरकवा." काथ्या करकरला, केळीचे खुंट वाकडे झाले, आणि वेढे एकेक करून टपावर चढले. शेवटी सगळा गुंता, माळा आणि पानांसकट, वरून सुटून आला, आणि त्याच्याबरोबर फत्तेसिंगरावांचा फेटाही! अंड्याचं तोंड उघडलं. हसून हसून डोळे पुसत अप्पासाहेब उतरले, आणि त्यांच्या पाठोपाठ रडून डोळे लाल झालेले, बोडके फत्तेसिंगराव. अंबूबाईनं दोघांच्या हातांवर चुरमुरे ठेवले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बसवंत आला. फत्तेसिंगरावांनी पहाटे उठून राणीसरकारला शेवटची आंघोळ घातली होती. पितळ पुसताना ते तिच्याशी काहीतरी पुटपुटत होते. कृष्णाबाईंनी चहा नेला तेव्हा त्यांना ऐकू आलं. "असं करतात होय गं? घरच्याच माणसाला?" मग त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि फडकं घडी करून ठेवलं.

बसवंतनं किल्ली हातात घेतली आणि सहज विचारलं, "अण्णा, एवढी वर्षं चालवलीत. खरं सांगा, गाडीत दोष काय?"

इतक्या वर्षांत राणीसरकारच्या टायरमधली हवा कमी आहे असं जरी कुणी म्हटलं तरी फत्तेसिंगराव बाह्या सरसावत. आज त्यांनी खिशातून एक लिंबू काढलं, बिनडागाचं, देठाचं, आणि बसवंतच्या हातावर ठेवलं.

"दोष एकच. नवरदेवाला मागं बसवाल तर हे हातात द्या. आणि तो गप्प बसला तर त्याला विचारा, काय होतंय म्हणून. मी नाही विचारलं."

राणीसरकार बसवंतच्या हाती कोपऱ्यावर वळली. तोंड पुढच्या रस्त्यात गेलं तरी शेपूट बराच वेळ दिसत होतं. ते दिसेनासं झाल्यावर फत्तेसिंगराव फेटा सारखा करत अंड्यात येऊन बसले. अप्पासाहेब आधीच सरकून, जागा ठेवून बसले होते.

आता एक सांगायचं राहिलं. काचेमागं गप्प बसणारे अप्पासाहेब मुळात महाबोलके निघाले. काल वखारीतून घरी येताना त्यांचं तोंड एकदाही मिटलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या वाचल्या, माणसांना हाका मारल्या, लेकीचं धारवाडचं सासर सांगितलं, पोटाच्या तक्रारी सांगितल्या. फत्तेसिंगराव घरी येऊन कृष्णाबाईंना म्हणाले होते, "मध्ये काच होती तेच बरं होतं गं!"

आज मात्र अंडं चामराजपेठ ओलांडून पुढं आलं तरी अप्पासाहेब चूप. ओठ घट्ट. समोर बघतायत. फत्तेसिंगरावांनी अंडं रस्त्याच्या कडेला घेतलं.

"अप्पासाहेब, मळमळतंय का?"

"नाही रे. तुझी मोटार गेली. तुला वाईट वाटत असेल, म्हणून गप्प बसलोय."

फत्तेसिंगरावांनी डोळे पुसले. मग भिंतीला चिकटलेलं अंग सोडवून बाकावर नीट, ऐसपैस बसले. खांद्याला खांदा लागला. त्यांनी गिअर टाकला, कोपर बरगडीत गेलं, आणि त्यांनी माफी मागितली नाही.

"बोला अप्पासाहेब," ते म्हणाले. "आज लांबच्या रस्त्यानं नेतो."